गरिबीची पाहणी

३ मार्च
सर्जनने स्पष्टच सांगितलं. आधी वजन कमी करायचं ऑपरेशन, मग गुडघ्यांचं बघू. हे सांगताना त्याचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं. खर्चाचा आकडा ऐकून मी पाणी मागितलं. इंग्रजीच्या शिकवण्यांवर तेवढे पैसे या जन्मात जमणार नाहीत.
निश्चय: गोड बंद. उद्यापासून. बिस्किटांचा पुडा उघडा आहे, मऊ पडेल.

४ मार्च
वहिनीचा फोन. तीन जिने चढवत नाहीत तर सरळ आमच्याकडे या ना वन्सं, शिवणाची खोली रिकामी करते, म्हणाली. खिडकी गॅरेजकडे, आणि दिवसभर दारात ही. त्यापेक्षा मी जिन्यात मरेन.

९ मार्च
हॉस्पिटलात गरजूंना सवलत आहे. त्यांचं माणूस घर बघून ठरवतं. माझं घर बघून दगडालाही पाझर फुटेल. ऑपरेशन झाल्यातच जमा.
वहिनीला सांगितलं. घर आहे तसंच राहू द्या हो, म्हणाली. ‘आहे तसं’ म्हणजे कसं, हे विचारायला हवं होतं.

१४ मार्च
कुणी घरी यायचं म्हणजे काही रीत असते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, कपडा फाटका चालेल, इस्त्री हवी. पडदे धुतले. दादाला बोलावून भिंतीच्या ओलीवर कपाट सरकवून घेतलं. तो म्हणाला, अगं, ओल दिसली तर बरंच नाही का. दादाला या गोष्टी कधीच कळल्या नाहीत. त्याचं लग्नच बघा.

१६ मार्च
माझ्या एकाही कपाला धड कान नाही. वहिनीचे सोनेरी कडेचे मागून आणले. कशाला हवेत, म्हणून तिने खोदून खोदून विचारलं. सांगितलं नाही. देताना मात्र असं तोंड केलं, जशी किडनीच काढून देतेय.

१८ मार्च, संध्याकाळ
आली. हडकुळी पोरगी. तीन जिने चढून साधी धापसुद्धा नाही, तिथेच मनातून उतरली.
महिनाअखेर ओढाताण होते का, विचारते. पाहुण्यांसमोर कुणी असलं सांगतं का? छे, म्हटलं. कुणाची मदत लागते का? मुळीच नाही, म्हटलं. गळ्यातल्या मोत्यांकडे बघत होती. खोटे आहेत हे मी कशाला सांगू. तिचं इंग्रजी दोनदा सुधारलं. आग्रहाने केक वाढला. जाताना म्हणाली, घर फार सुंदर ठेवलंय तुम्ही.
जिंकलं. उरलेला केक मीच संपवला, नाहीतर वाया गेला असता.

२१ मार्च
ऑपरेशननंतर पहिलं काम, शाळेत जायचं. तिथला लाकडी जिना मी एक पायरी सोडून धावत चढायचे. सिस्टर खालून ओरडायच्या आणि मी वर पोचलेली असायचे. आता हे सगळं कुणाला सांगितलं तर माझ्याकडे आधी खालपासून वरपर्यंत बघतात.

२७ मार्च
फोन आला. सवलत नामंजूर. राहणीमान उत्तम, म्हणे. तिचं इंग्रजी सुधारलं त्याचा हा सूड आहे. दोन तुकडे केक खाऊन गेली, बया.
वहिनीला फोनवर सांगितलं, कप कशाला नेले होते तेही. खोटं कसं सांगणार, कप परत करायचेच होते. त्यातून चहा दिलात तिला, एवढंच विचारलं तिने. हसली नाही. हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

२ एप्रिल
जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसले ती उठताच येईना. शेवटी दादाने येऊन उठवलं.
सध्या शिवणाची खोली. फक्त चार दिवस, हे मी वहिनीला बजावलंय. तिने माझं सगळं सामान आणवलंय, स्वयंपाकघरातलंसुद्धा.
खिडकी गॅरेजकडेच आहे. मघाशी तिने चहा आणून दिला, माझ्याच कान तुटलेल्या कपात. मी कपाकडे बघत राहिले.
सोनेरी कडेचे पाहुण्यांसाठी असतात, वन्सं, म्हणाली.