रिकाम्या खोलीचा आवाज

ताई,

आपल्याच घरात भुताचा सिनेमा काढला आणि त्यापायी आजारी आईला महिनाभर आतल्या खोलीत बसवून ठेवलं, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण एक गोष्ट तुला माहीत नाही.

खोलीतलं शूटिंग आटोपलं की सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं आणि साउंडवाल्याने रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा, अशी आमची पद्धत. पहिल्याच दिवशी त्या मिनिटात आईने आतून विचारलं, "झालं का रे?" मी सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसलो. त्यानंतर महिनाभर तिने हूं की चूं केलं नाही. शूटिंग संपलं आणि आठवड्याभरात ती गेली.

एडिटिंगला बसलो तेव्हा ते मिनिट सापडलं. माझं खेकसणं कापलं, तिचा आवाज ठेवला. नायक अंधारात एकटा बसलेला असतो आणि बंद दाराआडून येतं, "झालं का रे?" सिनेमात घाबरण्यासारखी तेवढी एकच जागा आहे, असं पेपरवाल्यानेही लिहिलंय.

तुला हे कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस, म्हणून पत्र खिशातच राहील.

उद्या सिनेमा उतरतोय. आठवडाभर रोज दुपारी मागच्या रांगेत बसलो. पाच-सात माणसं असतात, पण त्या जागी सगळी किंचाळतात. त्या गलक्यात मी हळूच म्हणतो, "झालं गं आई. ये बाहेर."

तुझा,
धाकटा