वगळलेला हात

कोंकार्नो, १४ नोव्हेंबर २०२३

प्रिय रोनान,

तुम्ही बरे असाल अशी आशा आहे. पत्ता तुमच्या बहिणीकडून, सोलेनकडून घेतला. इथे सगळं ठीक. बंदरात यंदा सार्डिन मासळी उशिरापर्यंत मिळाली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.

परवा एक सिनेमा पाहिला. त्याबद्दल लिहायचं आहे.

तिकीट खिडकीवर मारीव्होन असते. म्हणाली, "मास्तर, यात दोन पोरं एकमेकांच्या प्रेमात पडतात. आधीच सांगून ठेवते. मध्येच उठून येऊ नका."

"मी कधी उठून आलोय?"

"उठून नाही येत. घोरता."

घोरलो नाही. सोळा वर्षांची दोन मुलं, होड्या बांधायच्या शाळेत शिकणारी. दिग्दर्शिका अठ्ठावीस वर्षांची आहे म्हणे. संगीत नाही. कुणी मरत नाही, कुणी भाषण करत नाही. लाकूड तासल्याचा आवाज आणि तासणारे हात. एवढ्यावर तिने सगळं उभं केलं. कमी शब्दांत लिहा, असं मी मुलांना छत्तीस वर्षं सांगत आलो. मला ते असं एकदाही जमलं नाही.

एक प्रसंग सांगतो. सकाळी फाटकाशी पोरं हात मिळवतात, आपण मिळवायचो तसे. ज्याचा हात डांबराने माखलेला, तो मनगट पुढे करतो. एक मुलगा येतो, एकेकाशी हात मिळवत जातो आणि शेवटच्याला वगळून आत शिरतो. त्या शेवटच्याचा हात तसाच पुढे राहतो. कॅमेरा त्या हातावरून बराच वेळ हलत नाही.

मी खुर्चीत सरळ बसलो.

पुढे तो वगळलेला मुलगा विचारतो, "माझ्याशीच का नाही?"

दुसरा म्हणतो, "बाकीच्यांचे हात सोडता येतात रे. तुझा धरला असता तर सोडला नसता. सगळ्यांनी पाहिलं असतं."

त्या मुलाने विचारलं. मी विचारलं नाही.

१९७७, ईस्टरच्या सुटीनंतरचा सोमवार. आदल्या दिवशी आपण तुमच्या वडिलांच्या होडीतून बेटांवरून परतलो होतो. वारा होता, दोघांच्या अंगावर एकच ताडपत्री होती. सोमवारी फाटकाशी तुम्ही सगळ्यांशी हात मिळवलात. मला वगळलंत. मला वाटलं, तुम्हाला माझी किळस आली.

म्हणून दुपारी सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हणालो, "तुम्ही जरा बाजूला व्हाल का?"

"काय रे जिल्दास, हा काय तुझा हेडमास्तर आहे?" कुणीतरी म्हणालं आणि पोरं हसली. तुम्ही बाजूला झालात.

शाळा सुटेपर्यंत ते 'तुम्ही' मी सोडलं नाही. तुम्ही एकदाही चिडला नाहीत. मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीचा लावला. या पत्रातही तेच चाललंय, तुमच्या लक्षात आलं असेल. सवय आहे म्हणायला हवं. सवय नाही.

ताडपत्रीखाली तुझा हात माझ्या हातात होता, रोनान. बेटांपासून धक्क्यापर्यंत. सेहेचाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोलाही नाही, आणि ती भली बाई होती.

कदाचित तुला खरंच किळस आली असेल. तसं असेल तर तसं कळव. पण त्या दिग्दर्शिका मुलीने तो हात दाखवला आणि मला पहिल्यांदाच दुसरी शक्यता दिसली.

तू शनिवारी सोलेनकडे येतो आहेस असं कळलं. सिनेमाचा शेवटचा खेळ रविवारी पाचला आहे. मी दाराशी उभा असेन, मारीव्होनच्या शेजारी. आत जाताना तिच्याशी हात मिळव, तिला ते लागतं. मला वगळलंस तर या वेळी मी चुकीचा अर्थ लावणार नाही.

पत्राच्या शेवटी 'हात मिळवतो' असं आपण कुणालाही लिहितो. पालकांना लिहिलं, नळवाल्याला लिहिलं. तुला आज पहिल्यांदा लिहितो आहे.

हात मिळवतो. सोडत नाही.

तुझा,
जिल्दास