रिकामा, उचला

३ फेब्रुवारी, कोपरगाव

बदलीचा हुकूम आला तेव्हा ऑफिसातल्यांनी तोंडं पाडली, मी मात्र खूश. खारा वारा, घामोळं आणि जहाजांच्या वेळापत्रकाची कटकट एकदाची सुटली. आमच्या प्रादेशिक बंदर प्राधिकरणाचं हे कोरडं बंदर. समुद्राचा पत्ता नाही, चहूकडे ऊस. साखर इथेच कंटेनरमध्ये भरायची, सील ठोकायचं आणि रेल्वेनं किनाऱ्यावर धाडायची. तिथे डबा उचलून थेट जहाजात. मी इथला निरीक्षक. खोलीत पंखा आहे, खिडकीतून रसवंती दिसते. अजून काय हवं?

५ फेब्रुवारी

परत आलेले रिकामे डबे तपासणं माझ्याकडे. एक माणूस आत उभा करायचा, बाहेरून दारं लावायची. अंधारात उजेडाचा ठिपका दिसला तर डब्याला भोक, म्हणजे साखर भिजणार. आतल्यानं तीनदा ठोकलं की दार उघडायचं. इथले हमाल मात्र प्रत्येक डबा उचलायच्या आधी बाहेरूनही तीनदा ठोकतात, ‘आत हाय का कोन?’ विचारतात आणि पत्र्याला कान लावून उभे राहतात. मी म्हटलं, डब्याशी सोयरीक जमवताय का? कोणी हसलं नाही. क्रेनवाला आदिनाथ म्हणाला, गेल्या वर्षी त्यांच्यातला एकजण किनाऱ्यावर कामाला गेला होता, तो असाच आत राहिला. मी विषय बदलला.

९ फेब्रुवारी

चहा देणारी भागिरथी त्याचीच बायको निघाली. अनुकंपेवर लागली आहे.

कचरू. चौकशीच्या कागदावर नाव होतं, गाव मी कधी वाचलंच नाही. किनाऱ्यावर असताना त्याला आत मीच पाठवलं होतं. दार लावलं, फोन आला, बोलत बोलत जेवायला गेलो. जाता जाता क्रेनवाल्याला ओरडून सांगितलं, रिकामा, उचला. डबा उघडला तो एकोणीस दिवसांनी. तो दारू पिऊन आत झोपला असणार, असं मी चौकशीत सांगितलं. मेलेला माणूस काय उलट बोलणार? मलाही नोकरी होती.

आज चहा ठेवताना बाई म्हणाली की तिचा नवरा पीत नव्हता. मी काही विचारलंही नव्हतं.

१२ फेब्रुवारी

आजच्या खेपेत तो डबा आलाय. नंबरच्या शेवटी ४१७. नवा निळा रंग दिलाय. भर दुपारी जवळून गेलो तर आतून तीन ठोके. उघडायला लावला. रिकामा. दाराच्या आतल्या बाजूला, रंगाखाली, नखांचे ओरखडे. हमालांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

१३ फेब्रुवारी

ठोके ऑफिसातही येतात. कपाटातून. तीन, मग शांत. उत्तराची वाट बघितल्यासारखं. मला भीती वाटते आहे. लिहायला लाज कसली.

१४ फेब्रुवारी

४१७ तपासायचा राहिलाय. हमाल आत जायला तयार नाहीत. भागिरथी सगळ्यांसमोर म्हणाली, साहेबांनीच जावं, आमी हाय की भाईर. नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागेल. दुपारचे बारा. लख्ख ऊन. काय होणार आहे?

आत

मोबाईलच्या उजेडात लिहितोय. रेंज नाही. उजेडाचा ठिपका कुठेच नाही, डबा चांगला आहे. तीनदा ठोकलं. दार उघडत नाही. पुन्हा ठोकलं — हात सोलले —

बाहेरून ठोके. तीन. भागिरथीचा आवाज. आत हाय का कोन —

ओरडतोय. तोंडातून आवाजच —

मागे कोणीतरी आहे. श्वास मानेवर. त्यानं उत्तर दिलं, माझ्या आवाजात, जेवायला निघालेल्या घाईत — रिकामा, उचला —

क्रेनचे हूक बसले. डब्याचा तळ हल —