एकशे पस्तिसावा माणूस

लिंडक्रीक, नेब्रास्का
२८ ऑगस्ट

चि. व्हर्लिन यास अर्डिसताईचे अ. उ. आ.

साठीला टेकलास, दोनदा गव्हर्नर झालास, आता अपक्ष म्हणून थेट राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिलास, तरी माझ्या पत्रात तू 'चि.'च राहणार. टीव्हीवर पाहिलं तुला. तो हिरवा टाय कुणी निवडला? इर्माने निवडला असेल तर माझं काही म्हणणं नाही. भावजयीशी वाकडं घ्यायचं वय राहिलं नाही माझं.

काउंटीची जत्रा पार पडली. मुरंब्यांची परीक्षक यंदाही मीच, एकोणतिसावं वर्ष. इर्माने पाठवलेली प्लमच्या मुरंब्याची बरणी टेबलावर आली, तशी मी खुर्चीवरून उठले आणि मंडपाबाहेर जाऊन उभी राहिले. आपल्या माणसाला आपण गुण द्यायचे नाहीत, ही आईची शिस्त. दुसरा नंबर आला. मी बसून राहिले असते तर पहिला आला असता, हे इर्माने फोनवर तीनदा ऐकवलं.

आता कीथचं. वाळवंटातल्या युद्धावरून माझा मुलगा धडधाकट परत आला असं गाव म्हणतं, पण मला पहिल्याच आठवड्यात त्याचा खोकला ऐकू आला होता. आता ऑक्सिजनचं नळकांडं ओढत फाटकापर्यंत जातो आणि तिथे बसतो. डॉक्टर म्हणतात, दोन हिवाळे धरून चला. लष्करी इस्पितळात घेतलं तर जास्त. पण सरकारी कचेरीचं तिसरं पत्र आलं, की आजाराचा युद्धाशी संबंध आढळत नाही.

तू निवडून येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे आणि बहुतेक तुलाही. पण टीव्हीवरच्या डिबेटमध्ये त्या दोन्ही पक्षांच्या उमेदवारांच्या मध्ये उभा राहा आणि कीथसारख्या आजारी पोरांचं काय करणार ते एकदा विचार. साऱ्या देशासमोर विचारलं की उत्तर द्यावंच लागेल. तेवढ्यासाठीच मी अंगणात तुझ्या प्रचाराची पाटी लावली आहे.

जेवणाच्या वेळा सांभाळ. इर्माला माझी माया सांग.
तुझी ताई

*

डेटन, ओहायो
७ सप्टेंबर

ती. अर्डिसताईस सा. न. वि. वि.

टाय इर्माचाच. तू काहीच म्हणाली नाहीस, हे तिला कळवलं आहे.

प्रचाराची बस आमची ठीक चालली आहे. म्हणजे बस चालते, हीटर चालत नाही. रोज तीन गावं, तीन वेळा तीच थंड कोंबडी.

डिबेटचं मात्र सोपं नाही. भरवणारी समिती अर्धी एका पक्षाची, अर्धी दुसऱ्याची. तिचा नियम असा, की देशभरच्या पाच जनमत पाहण्यांत मिळून सरासरी शंभरात पंधरा माणसांनी माझं नाव घेतलं पाहिजे. पंचवीस तारखेपर्यंत. आज मी चौदाच्या आसपास आहे. लोक भेटतात, हात दाबतात आणि म्हणतात की तुम्हालाच मत दिलं असतं, पण तुम्ही डिबेटमध्ये दिसत नाही. समिती म्हणते, लोकांचा पाठिंबा दाखवा, मग डिबेटमध्ये या. हसावं की रडावं कळत नाही.

आत शिरलो तर पहिला प्रश्न कीथचाच. त्याचं नाव घेतलेलं त्याला चालेल का, ते विचारून कळव. त्याच्या आजाराचं भांडवल केलं असं त्याला वाटायला नको.

तू स्वतःच्या गुडघ्याकडेही बघ. आशीर्वाद असू दे.
तुझा व्हर्लिन

*

लिंडक्रीक
२३ सप्टेंबर

चि. व्हर्लिन यास अ. उ. आ.

कीथ म्हणाला, मामाला सांग, नाव घे, आडनावही घे, आणि पलटणीचा नंबर चुकवू नकोस. कितीतरी महिन्यांनी हसला. डिबेटच्या दिवशी टीव्ही त्याच्या खोलीत न्यायचं ठरलंय. पलटणीतले दोन मित्र लिंकनहून येणार आहेत. त्यातल्या एकाच्या छातीतूनही घरघर येते. मी हॅम आणि बटाटे करणार आहे. कीथने इस्त्रीचा शर्ट आत्तापासूनच खुर्चीवर काढून ठेवलाय.

एक गंमत सांगते. गुरुवारी संध्याकाळी नूडल्स उकळत असताना फोन वाजला. एक मुलगी म्हणाली, कॉर्बेट जनमत पाहणीकडून बोलतेय, आज निवडणूक असती तर मत कुणाला दिलं असतं? तिनं तिन्ही नावं वाचली. तुझं नाव परक्याच्या तोंडून ऐकून बाई मला भरूनच आलं! पण मी तिला स्पष्ट सांगितलं, की यातला एक माझा सख्खा भाऊ आहे, तेव्हा मला मोजणं बरोबर नाही. ती हसली, म्हणाली मग मी 'उत्तर नाही' असं लिहिते. मी म्हटलं, लिही. आई असती तर तिनंही हेच केलं असतं.

खोकला आला तर मध घे. डिबेटला हिरवा टाय नको, एवढं ऐक माझं.
तुझी ताई

*

रिचमंड, व्हर्जिनिया
२६ सप्टेंबर

ती. अर्डिसताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून हाती आलं नाही, बस पुढे आणि टपाल मागे. पण तू दुसऱ्याकडून ऐकण्याआधी मीच कळवतो. मला डिबेटमध्ये घेतलं नाही.

पाच पाहण्या आल्या: सतरा, पंधरा, पंधरा, चौदा आणि शेवटची कॉर्बेटची तेरा. बेरीज चौऱ्याहत्तर, सरासरी चौदा पूर्णांक आठ. मी समितीच्या गृहस्थांना म्हटलं, हे पंधराच झाले की. ते फार गोड बोलले. नियम म्हणजे नियम, म्हणाले.

त्यांची स्वतःची माणसं त्या खुर्च्यांवर बसून स्वतःच्याच माणसांना आत घेतात आणि मला नियम शिकवतात! ताई, मला इतकी चीड येतेय की पेन कागदात रुततंय.

कॉर्बेटवाल्यांकडून मी कच्चे आकडे मागवले. हजार माणसांना विचारलं. एकशे चौतीस जणांनी माझं नाव घेतलं. म्हणजे शंभरात तेरा पूर्णांक चार, ते तेरा लिहितात. एकशे पस्तीस असते तर साडेतेरा झाले असते, आणि साडेतेराला ते चौदा लिहितात. मग बेरीज पंचाहत्तर आणि सरासरी बरोबर पंधरा. एक माणूस, ताई. कुठे गोठ्यात होता, की नाक शिंकरत होता, कोण जाणे.

कीथला तू सांग. मला फोनवर जमणार नाही.
तुझा व्हर्लिन

*

लिंडक्रीक
५ ऑक्टोबर

चि. व्हर्लिन यास अ. उ. आ.

डिबेट पाहिली. कीथला आधीच सांगितलं होतं, तरी त्यानं तो शर्ट घातला. म्हणाला, कुणीतरी विचारेलच. दीड तास दोघं कराबद्दल बोलले, शाळांबद्दल बोलले, एकमेकांच्या हजरजबाबीपणावर हसले. लष्कर वाढवायचं यावर तर दोघांचं एकमत झालं. आजारी पोरांबद्दल एक शब्द नाही. लिंकनची मुलं न जेवताच गेली. कीथने शर्टाची बटणं स्वतः काढली, मला हात लावू दिला नाही.

तुझं पत्र मी त्याआधी सहा वेळा वाचलं होतं. जत्रेतल्या गुणांच्या कोऱ्या कार्डावर आकडे मांडले, पुन्हा मांडले. कॉर्बेटच. गुरुवारच. नूडल्स उकळत होत्या.

तो माणूस गोठ्यात नव्हता, व्हर्लिन. तो माझ्या स्वयंपाकघरात होता. मीच होते. मी प्रामाणिकपणे वागले आणि माझ्या मुलाचा प्रश्न माझ्याच हातानं बाहेर ठेवला. कीथला सांगितलेलं नाही. तू मला काहीही म्हण, पण उत्तर पाठव.
अर्डिस

*

डुलूथ, मिनेसोटा
१४ ऑक्टोबर

ती. अर्डिसताईस सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. मी रागावलो नाही असं चार वेळा लिहिलं आणि चारही कागद फाडले. मी रागावलोय. तुझ्यावर रागावलोय, आईवर रागावलोय, त्या मुरंब्यांवरसुद्धा रागावलोय. तुला खोटं लिहिलं तरी तू फसणार नाहीस.

आणि तरी सांगतो, दोष तुझा नाही. नियम त्यांनी केला, कुंपण त्यांनी घातलं. आपलं माणूस समोर आलं की खुर्चीवरून उठायचं, हे या सबंध देशात फक्त तुलाच सुचलं. त्या समितीत एकही जण उठला नाही.

माझ्या सभांना आता बातमीदार येत नाहीत. काल दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, चाळीस माणसं आली. मी कीथचं नाव घेतलं, आडनाव घेतलं, पलटणीचा नंबरही बरोबर सांगितला. म्हातारी माणसं उभी राहिली. टिपून घ्यायला कुणी नव्हतं.

कीथला सांगू नकोस. निवडणूक संपली की मी येतो, आपण तिघं फाटकापाशी बसू. माझे मदतनीस म्हणतात, चार वर्षांनी पुन्हा उभे राहा, या वेळी थोडक्यात हुकलं. त्यांना डॉक्टरांचे दोन हिवाळे माहीत नाहीत.

माया कमी करू नकोस, माझीही होणार नाही.
तुझा व्हर्लिन