रेडिएटर तांब्याचं नाही

वारंगा फाटा,
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

प्रिय हरीशदादास,
शिवाचा नमस्कार. आईच्या पाया पडतो. मी इकडं खुशाल आहे. तुझी खुशाली विचारायला तोंड नाही, तरी विचारतो.

हे पत्र मी पाच आठवडे झाले लिहिणार आहे. रोज ठरवतो. कधी पेन नसतो, पेन असला तर गिऱ्हाईक येते, अन् दोन्ही जुळून आलं तर मी समोरच्या हॉटेलात ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकत बसतो. परवा एक जण कांदे घेऊन रायपूरला निघाला होता. म्हणला चल संगं. मी चप्पल घालून त्याच्या गाडीपर्यंत गेलोबी होतो. मग तुझं मशीन आठवलं अन् परत फिरलो. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

फोन का नाही केला म्हणशील. सिम मीच काढून टाकलं. फोन केला की तू आधी 'जेवलास का' विचारणार, मग मी थापा मारणार, तुला त्या कळणार अन् तू कळल्या नाहीत असं दाखवणार. कागदावर थाप मारली की निदान ती मला स्वतःला वाचायला लागते.

तर आधी कामाचं. दादा, हे वाचशील तिथंच थांब. उठ अन् कम्प्युटर बंद कर. पंप सोडव, पाणी काढून टाक. मी पाठवलेलं रेडिएटर तांब्याचं नाही.

पाच मार्चला तू अन् आई नांदेडच्या दवाखान्यात माझी वाट बघत बसला होतात, ते शेवटी लिहितो. लिहितो नक्की, पण शेवटी.

तू डायलिसिसच्या कागदामागं लिहून दिलेली यादी अजून माझ्या पाकिटात आहे. घड्यांवर फाटली, पण अक्षर दिसते. प्रोसेसरवर बसवायचा ब्लॉक तांब्याचा, रेडिएटरबी तांब्याचं, पंप बिनआवाजाचा, नळी वाकवली तर न चिमटणारी, पाणी डिस्टिल्ड, बोअरचं अजिबात नको. अन् खाली दोन रेघा मारून, 'अॅल्युमिनियम कशातच नको'.

जानेवारीत शेजारची कापसाची जिनिंग जोरात होती. रुईचे तंतू खिडकीतून यायचे अन् कम्प्युटरच्या पंख्यात गादीसारखे बसायचे. सोमवारी-गुरुवारी तू हिंगोलीला डायलिसिसला निघताना पुण्याच्या कंपनीचं काम लावून जायचास, ते बांधायच्या घरांचे कम्प्युटरवर बनणारे फिरते व्हिडिओ, अन् परत येईस्तोवर मशीन तापून केव्हाच बंद पडलेलं असायचं. अशानं ते काम हातचं जाईल, असं तू एकदाच बोललास, जेवताना, ताटाकडं बघून. मी म्हणलो, अजून एक पंखा लावू. तू म्हणलास, "पंखा रुईच ओढते रे. डबा पुरा बंद करायचा अन् गरमी पाण्यावाटं भिंतीबाहेर काढायची. मशीनचं डायलिसिस म्हण." अन् एकटाच हसलास. आई उठून आत गेली होती.

तयार कीट मिळते, सीलबंद, पण त्याच्या नळ्या वीतभर, भिंतीच्या पलीकडं पोचत नाहीत. म्हणून एकेक पार्ट निवडून आणायचं ठरलं. अन् निवडायला कोण, तर मी. तसाही गावात टिकत नाही.

पंप अन् ब्लॉक आणायला हैदराबादला गेलो तो अकरा दिवसांनी आलो. येताना बिदरजवळ एका माणसाची विहिरीतली मोटार काढू लागायला उतरलो, मग त्याच्या भावाचीबी काढली, मग त्यांच्याकडं लग्न निघालं. तू पंप बादलीत सोडलास, कान लावलास अन् म्हणलास, "आवाजच न्हाई. चांगला निवडला." ते वाक्य घेऊन मी आठ दिवस गावभर फिरलो. नळी मात्र मी गवंड्याची आणली होती, पाणसळ लावतात ती. ऊन लागलं की नरम पडते. तू वाकवून दाखवलीस. "इथं पाणी अडलं की संपलं, शिवा. रगताचंबी असंच हाये." मग दुसरी तूच मागवलीस.

एक गोष्ट तुला माहिती नाही. मशीनला दीड लिटर पाणी लागणार होतं अन् तुला दिवसभरात प्यायला अर्धाच लिटर चालते, जास्त झालं की अंगात साचते. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आला त्या दुपारी तू बूच काढून नुसताच वास घेतलास, बराच वेळ. मी दारात होतो. तिथूनच मागं फिरलो.

राहिलं होतं रेडिएटर. ते निवडायच्या आधीच मी घर सोडलं.

इथं फाट्यावर रतनसिंग उस्ताद आहे, ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करतो. साठीचा आहे, हातावर जागोजागी भाजल्याचे चट्टे. मी त्याच्याकडं पाणी प्यायला थांबलो अन् राहिलोच. त्याच्या भंगारात एका जुन्या जीपच्या हिटरचं रेडिएटर होतं, तांब्याचं, वहीएवढं. तुझ्या कामाला असं बराबर की जणू मोजून केलंय. दोन जागी गळत होतं. उस्ताद म्हणला उकळून साफ करू, कथलाचा डाग देऊन गळती बुजवू, हवा भरून टाकीत बुडवून बघू, आठ दिवस लागतील. मला आठ दिवस नको होते. मला त्याच दिवशी तुला काहीतरी पाठवायचं होतं. कोपऱ्यात मोटारसायकलचं अॅल्युमिनियमचं होतं, कोरं, उचलावं तर पापडासारखं हलकं. मी ते घेतलं.

उस्ताद म्हणला, "त्याच्या ब्लॉकात तांबं हाये म्हणला ना?"

"व्हय."

"मंग हे काहून नेतो? हे अन् तांबं एका पाण्यात ठेवलं की याला खाऊन टाकते. वरून कळत न्हाई. आतून पीठ होते."

"थोड्या दिवसापुरतं हाये."

"हाये कोणासाठी?"

"हाये एक गिऱ्हाईक."

दादा, मी तुला गिऱ्हाईक म्हणलो.

उस्ताद तपासलेल्या प्रत्येक रेडिएटरच्या बुडाला पांढऱ्या पेंटनं 'रतनसिंग, वारंगा' असं टाकतो. मी सगळ्यावर काळा रंग मारला. अॅल्युमिनियम झाकायचं होतं, अन् नावबी, म्हणजे तू मला हुडकायला नको. चिठ्ठीत लिहिलं, तांब्याचंच आहे, गंजू नये म्हणून रंगवलं. तांबं गंजते का? शाळेतलं पोरगंबी हसलं असतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सोनाजी ट्रकवाल्याकडं दिलं अन् त्याला शपथ घातली, कुठून आणलं सांगू नको म्हणून.

सोनाजी परत आला तेव्हा म्हणला, "तुझा भाऊ ते हातात घेऊन जरा थांबला. दोनदा वर-खाली केलं. मंग हसला अन् माझ्यासमोरच मागच्या भिंतीला ठोकलं."

वर-खाली केलं म्हणजे तू वजन बघितलंस. तुला तिथंच कळलं. यादीत दोन रेघा मारणारा तू, अन् कळून लावलंस. मी पाठवलं म्हणून लावलंस का? का आता कशानं काही फरक पडत नाही म्हणून? हे दोनच विचार पाच आठवडे आलटून पालटून येतात. पहिला आला की मला जेवण जात नाही. दुसरा आला की मी समोरच्या हॉटेलात जाऊन बसतो.

आता नांदेड.

आईला साखर, म्हणून तिची किडनी चालत नाही. बाबा नाहीत. जुळली ती माझी. त्या दिवशी शेवटची तपासणी अन् सह्या. तुम्ही दोघं आदल्या दिवशी पुढं गेलात, मी सकाळच्या गाडीनं यायचं. बसलो होतो रे गाडीत, खिडकीशी. वसमतला गाडी दहा मिनिटं थांबली, मी चहाला उतरलो. तिथं हार्वेस्टरवाले भेटले, गहू काढायला निघालेले. त्यांच्याशी बोलत राहिलो अन् गाडी सुटली. सगळ्यांना मी असंच सांगतो. उस्तादलाबी असंच सांगितलं.

गाडी सुटली नव्हती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, "नांदेडवाले कोणी राहिले का?" ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी टपरीच्या मागं उभा राहून सगळं ऐकलं. गाडी गेल्यावर बाहेर आलो अन् उरलेला चहा प्यालो. गार झाला होता.

कापायचं भेव नव्हतं. आधीच्या खेपेला डॉक्टर म्हणले होते, नंतर दरवर्षी इथं येऊन तपासून घ्यायचं, आयुष्यभर. आयुष्यभर कुठं यायचं हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. अन् दुसरं एक लिहितो, आईला वाचून दाखवू नको. ती ओट्यावर भिकाबाई मावशीला सांगत होती, "शिवाचं काय अडते माय. ना नोकरी, ना बायको. दोन-दोन किडन्या घेऊन नुसता फिरून राहिला." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण तेव्हापासून मला वाटायला लागलं की घरात एक मशीन आहे अन् मी म्हणजे त्याच्या पार्टांचं दुकान. हे कारण म्हणून लिहीत नाही. कारण मीच आहे. दुसऱ्या कोणी हेच ऐकलं असतं अन् तरी गाडीत चढला असता.

रेडिएटर पाठवलं तेव्हा वाटलं होतं, एक पार्ट दिला की दुसऱ्या पार्टाचं कोणी विचारणार नाही. अन् तोबी खोटा दिला.

'मी येतो' असं या पत्रात तीनदा लिहून खोडलं, मग कागदच बदलला. इथून नांदेड पाऊण तासावर आहे. दिवसभर समोरून गाड्या जातात, हात केला की थांबतात. मी हात करत नाही. माझ्या बोलण्यावर तू भरवसा ठेवू नको. मी ठेवत नाही.

जीपचं तांब्याचं मात्र मी केलं. सोडा टाकून तीनदा उकळलं, आतून हिरवं पाणी निघालं. दोन्ही डाग मी स्वतः दिले, एक बिघडला तो काढून परत दिला. काल हवा भरून टाकीत बुडवलं अन् विडी ओढून होईपर्यंत बघत बसलो. एकबी बुडबुडा आला नाही. उस्तादनं नुसती मान हलवली, म्हणजे पास. या पत्रासंगं तेच पाठवणार होतो. पण पाच आठवडे झाले, दादा. आतापर्यंत तुझ्या ब्लॉकात पांढरं पीठ साचलं असेल, नाहीतर कुठून तरी फुटून पाणी बोर्डावर सांडलं असेल. चांगलं रेडिएटर आता नुसतं शोभेला भिंतीला टांगायचं.

जरा थांब. हिंगोलीकडून गाडी आली.

मी दुकानाच्या बाजूला उभ्या असलेल्या ट्रकच्या मागं टायरवर बसून लिहून राहिलो. इथून उस्तादचं बाकडं दिसते. गाडीतून एकच माणूस उतरला, हातात खताची पिशवी. चपलेचे पट्टे सोडलेले, पाय सुजलेत. रस्ता ओलांडायला त्याला दोन वेळा थांबावं लागलं.

दादा, तू आलास.

काल गुरुवार, डायलिसिसचा दिवस होता, म्हणून आज तुला एवढं चालता येऊन राहिलं. एकटा आलास. आईला काय सांगून निघालास?

उस्तादनं विचारलं, "कोणत्या गाडीचं हाये?"

"गाडीचं न्हाई." तू पिशवीतून ते काळं काढलंस. कोपरा फुटलाय, पांढरा झालाय, मला इथून दिसते. ते उलटं करून तू बुडाला बोट ठेवलंस. रंगाचे पापुद्रे निघालेत वाटते. "हे नाव तुमचं ना?"

"व्हय, माझंच. पण हे आतून खाऊन गेलं. ह्याला डाग बसत न्हाई."

"ते ठाऊक हाये. ज्यानं पाठवलं तो हाये का हितं?"

उस्तादनं एकदा ट्रककडं बघितलं. त्याला माहिती आहे मी कुठं आहे. "उन्हाचं आला बाबा, आधी पाणी प्या," म्हणला अन् माठातून लोटा भरून दिला.

मला वाटलं तू ओठ ओले करून खाली ठेवशील, घरी ठेवतोस तसा. तू पिऊन राहिलास. डोळे मिटून, एका दमात. तो लोटा लिटरभराचा आहे, तुझं दोन दिवसांचं पाणी, मी रोज घासतो. तो रिकामा झाला अन् तू परत पुढं केलास. उस्तादला काय माहीत. त्यानं भरला.

कंडक्टरनं दोनदा तरी हाक मारली होती. तू एकदाबी मारत नाहीस. नुसता बसलास, ट्रककडं पाठ करून, लोटा तोंडाला लावून.

तांब्याचं रेडिएटर बाकड्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवलंय. मी दिसलो नाही तर उस्तादला माग.

तुझा,
अजून ट्रकच्या मागंच,
शिवा