टेकडीवरची दुपार

४ मार्च
शिसारी आली आज. साहेबांनी टेकडीवरचं ओझोन मोजायचं यंत्र उचललं आणि आमच्या घराखालच्या चौकात आणून बसवलं. दुपारी आकडा निम्म्यावर. लगेच "हवा सुधारली" म्हणत ऑफिसभर मिरवले!

सुधारली कसली? गाड्यांचा ताजा धूर ओझोन खाऊन टाकतो, म्हणून चौकात तो कमी. तोच धूर वाऱ्याबरोबर टेकडीकडे जातो, उन्हात शिजतो आणि भर दुपारी तिथे नवा ओझोन तयार होतो. हाच वायू आभाळात उंच असला की उन्हातलं वाईट तेवढं अडवतो. खाली नाकाशी आला की छाती सोलून काढतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं हे. साहेबांनाही कळतं — किळस त्याचीच येते.

जेवताना आईला सगळं ऐकवलं. "आधी तोंडातला घास गीळ," म्हणाली.

७ मार्च
दादाचा फोन. पेपरात आकडा वाचला म्हणे. "शहराचीच हवा एवढी सुधारली, मग आमच्या टेकडीची काय सांगावी! आईला पाठव इकडे, दमा पळून जाईल." मी रसायन समजावायला गेले, तर "तुला कशात काही चांगलं दिसतच नाही." मागून वहिनी — खोली तयार आहे हं!

आई लगेच बॅग भरायला लागली. मला विचारलंसुद्धा नाही.

८ मार्च
आईने रेडिओ लावला होता. डोकं उठलेलं, मी खाटकन बंद केला.

१० मार्च
गेली. दम्याचा पंप विसरत होती, तो मीच बॅगेत टाकला.

१५ मार्च
साहेबांना म्हटलं, यंत्र परत टेकडीवर न्या, माझी आई राहते तिथे. दात कोरत म्हणाले, "बाई, घरचं घरी ठेवा." आणि ती काडी माझ्या टेबलावर! कागदात धरून फेकली, तरी दिवसभर हात धूत होते.

दुपारी आईचा फोन. दोन शब्दांच्या मध्ये धाप.

२० मार्च
ऑफिसातलं हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन दादाच्या गच्चीवर गेले. भर दुपारी आकडा चौकाच्या दुप्पट. दादाच्या नाकासमोर धरला. त्याने यंत्र हलवून पुन्हा आकडा पाहिला. वहिनी खाली आईच्या खोलीच्या खिडक्या लावायला गेली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आईला म्हटलं, आवर, आत्ताच निघू. म्हणाली, उद्या सांगते. यात सांगायचं काय राहिलंय?

२१ मार्च
आई येत नाही. फोनवर थांबत थांबत म्हणाली, "आकडा कशाला दाखवतेस, माझी छाती मला कळत नाही का? दुपारी धाप लागते. पण तिला पंप आहे. तुझ्या रागाला पंप नाही गं."