चौदा अँटेना आणि एक तार

घाटकोपर (पूर्व),
बुधवार, १६ जानेवारी १९८५

ती. जयवंतदादास विद्याधरचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण खाली वाकलो की कंबर खालीच राहते. कारण पुढे येईल.) तुझा दमा, वहिनीचे गुडघे आणि चेंबूरची हवा, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. सोबत तिळगूळ आहे. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा भुगा झाला तरी गोड मानून घे. मी काही मागायला लिहीत नाही हे आधीच सांगतो, म्हणजे वहिनी निर्धास्त वाचेल.

गेल्या मे महिन्यात ऑफिसने मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. (अकरा वर्षं विम्याच्या ऑफिसात काढल्यावर विमा म्हणजे काय हे त्यांनी मला सांगितलं, उशीर झाला खरा.) तिथले साहेब म्हणाले, कंपनी नीट चालवायची तर धोका पुष्कळ लोकांत वाटावा, खर्च आवळून धरावा आणि जमलेला पैसा नुसता न ठेवता फायद्यात गुंतवावा. मला हे इतकं पटलं की जूनमध्ये मी आमच्या बिल्डिंगीत अँटेना विमा मंडळ काढलं. चौदा टीव्ही, गच्चीवर चौदा अँटेना, घरटी महिना तीन रुपये. कावळ्याने वाकवली, वाऱ्याने पाडली, तर मंडळ नवी देणार. क्षमा तेव्हाच म्हणाली होती, 'अहो, चौदाही एकाच गच्चीवर आहेत ना?' बायकांना विम्यातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. (मोठ्याने म्हणालो नाही, तेवढी धोक्याची जाण मला आहे.)

पहिला हप्ता तळमजल्यावरच्या सुंदराबाईंनी आणून दिला. मालवणच्या बाजूच्या, नवरा गिरणीत होता, तो गेल्यापासून एकट्याच असतात. लेक नलिनी दिंडोशीला. ती दर रविवारी पोरांना घेऊन येते, कारण तिच्या घरी टीव्ही नाही आणि पोरांना सिनेमा बघायचा असतो. आजी काय, सिनेमासोबत फुकट मिळते. सुंदराबाईंना हे पक्कं माहीत आहे आणि त्यांची काही तक्रार नाही.

आता कारभार ऐक. खर्च आवळायचा म्हणून प्रत्येक दांड्याला वेगळा ताण न देता मी चौदाही दांडे एकाच तारेने एकमेकांना बांधले. झकास काम, बारा रुपयांत भागलं. मग गुंतवणूक. बँकेत टाकून व्याज किती येणार? संक्रांत तोंडावर, आमच्याकडे गुजराती वस्ती भरपूर. मंडळाचे अडीचशे रुपये मी घाऊक पतंग आणि मांज्यात घातले. आठ दिवसांत चारशे दहा झाले. ऑफिसात एवढा नफा कुणी दाखवला असता तर त्याला हार घातला असता.

पतंग कुठे उडवतात हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये निघाला नव्हता. परवा संक्रांतीला सगळं गिऱ्हाईक आमच्याच गच्चीवर चढलं. दुपारी एक लाल पतंग सुंदराबाईंच्या अँटेनात अडकला, तो काढायच्या खटपटीत कुणा इसमाकडून दांडा कलला, आणि तारेने बाकीच्या तेरांना ओळीने बोलावून घेतलं. मिनिटभरात वाट लागली. एक अँटेना नव्वद रुपयांना, त्या चौदा, आणि मंडळाकडे पाचशेदेखील नाहीत. तेरा घरं माझ्याशी बोलत नाहीत. (दूधवालाही बोलत नाही, त्याची तर अँटेनासुद्धा नव्हती.)

सुंदराबाई तेवढ्या बोलतात. काल जिन्यात म्हणाल्या, 'टीव्ही नाय तर पोरां कित्याक येतली?' रागाने नाही, सहज विचारलं. मला फार लाज वाटली दादा.

तुझा,
विद्याधर

ता. क. तू बूस्टरवाली नवी अँटेना लावलीस, त्यामुळे जुनी माळ्यावर पडून असेल. वहिनी तिच्यावर सांडगी मिरच्या वाळत घालते म्हणे. या वर्षी मिरच्या सुपात वाळवता आल्या तर बघ. रविवारी दुपारच्या आत हवी.

ता. क. २. तो इसम मीच. पतंग मंडळाचाच होता, विकायचा राहिलेला. सव्वा रुपयाची मालमत्ता वाया जाऊ नये म्हणून दांड्यावर चढलो. कंबर तिथेच गेली. क्षमाला माहीत आहे, बिल्डिंगीला नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सुंदराबाई दारात. पदराच्या गाठीतून तीन रुपये काढून म्हणाल्या, 'फेब्रुवारीचो हप्तो घी रे झिला, नायतर माजो इमो बंद पडात.' मी घेतले. पावतीही फाडली. दादा, अँटेना घेऊन तूच ये, मला एकट्याने त्यांच्या दारात जाववत नाही.